उजवा पीळ

गिरीधरराव जाधवांच्या शेडमधून बाहेर पडलेला गोल जिना आजवर कुणी परत पाठवला नव्हता. पीण्या नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या पत्र्याच्या दाटीत त्यांचं शेड शोधायला पत्ता लागत नसे. "वास्तूचे जिने करणारे मराठी अण्णा" एवढं म्हटलं की चहावालासुद्धा बोट दाखवी. बेंगळुरूची माणसं दिवसभर संगणकावर जगाची उलथापालथ करतील, पण स्वतःच्या घरातला जिना मात्र त्यांना प्रदक्षिणेच्याच दिशेनं चढायला हवा असतो. देवळात देव उजव्या हाताला ठेवून फिरतात, तसा मधला खांब उजव्या हाताला ठेवून वर जायचं. गिरीधररावांचे झाडून सगळे जिने तसेच वळत. एकदा एक तरुण वास्तुरचनाकार उलट्या वळणाचा नकाशा घेऊन आला, तर ह्यांनी त्याला चहा पाजला आणि गोड बोलून वाटेला लावलं.

त्यांची बायको संध्या हिला ह्या कीर्तीचं फारसं कौतुक नव्हतं. मुळात कौतुक करणं हा तिचा प्रांतच नव्हे. पुण्याहून लग्न होऊन नवी नवी आली, तेव्हा गिरीधररावांनी तिला हौसेनं आपला एक जिना दाखवायला नेलं होतं. ती वर चढली, खाली उतरली आणि कामगारांच्या देखत म्हणाली, "तिसऱ्या पायरीची कड पायाला लागते." गिरीधररावांचा चेहरा लालेलाल झाला. सगळे घरी गेल्यावर त्यांनी कानस घेतली आणि ती कड घासली. तेव्हापासून पायंडाच पडला. अवघड काम उभं राहिलं की ते तिला शेडमध्ये घेऊन जायचे, ती एक खोट काढायची, ते "तुला काय नावं ठेवायला बोलावलं काय गं?" म्हणून कुरकुरायचे आणि मग मुकाट्यानं ती खोट काढून टाकायचे.

उलट्या बाजूनं मात्र कुणी कधी आलं नाही. संध्या येलहंक्याच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिच्या शाळेत काय चालतं, ती फळ्यावर काय लिहिते, हे गिरीधररावांनी एकदाही विचारलं नव्हतं. "शाळा तुझी, शेड माझं," ते म्हणत, आणि वर्तमानपत्र उघडत. संध्याला ह्याचं वाईट वाटायचं, चांगलंच वाईट वाटायचं. पण मागून घेतलेल्या चौकशीला काय चव असणार, म्हणून ती कधी बोलली नाही.

शाळेत तिला मुलं 'अंगठा मिस' म्हणत. त्याला कारण होतं तिचा डीएनएचा धडा. तो आला की ती सगळ्या वर्गाला उजव्या हाताची मूठ करून अंगठा वर धरायला लावायची. "बोटं ज्या दिशेनं वळलीत त्या दिशेनं फिरत जा. अंगठ्याकडे वर चढत गेलात, तर पीळ उजवा. आपल्या शरीरातला डीएनए असा पिळलेला असतो. समोरून बघाल तर पुढचा धागा डावीकडून उजवीकडे चढताना दिसेल. दुसऱ्या बाजूला चढवलात तर अर्धा मार्क गेला." आणि तो अर्धा मार्क खरोखरच जायचा. पालक भांडायला येत. चित्र सुबक आहे, रंग सुंदर आहेत, अर्ध्या मार्कानं असं काय बिघडतं? संध्या म्हणायची, "रंग सुंदर आहेत हे मलाही दिसतंय. ते चित्रकलेच्या मिसना दाखवा."

ती ह्या वर्षी निवृत्त व्हायची होती. विज्ञानदिनाला तिचा सत्कार करायचं ठरलं, आणि एक दिवस गिरीधरराव जेवता जेवता म्हणाले, "तुझ्या शाळेच्या दारात एक डीएनए उभा करतो. लोखंडाचा. दोन माणसं उंच."

संध्याच्या हातातला घास हातातच राहिला. "तुम्ही?"

"मग काय माझा वेल्डर मोहनकुमार? हेडमिसना विचारून झालंय. खाली तुझ्या नावाची पाटी. मात्र पुरा होईपर्यंत शेडमध्ये पाय ठेवायचा नाही. सरी?"

"सरी," तिनं कानडीतच होकार दिला. त्या दिवशी भांडी घासताना ती गुणगुणत होती.

मग घरात नवलच सुरू झालं. तिचं जुनं पाठ्यपुस्तक कपाटातून नाहीसं झालं. गिरीधरराव चष्मा कपाळावर चढवून गच्चीत काहीतरी पाठ करताना दिसू लागले, आणि ती आली की पुस्तक वर्तमानपत्राखाली जाऊ लागलं. एकदा त्यांनी अगदी सहज विचारल्यासारखं करून विचारलं, "ते ए नेहमी टी बरोबरच जातं काय गं? दुसरं कोण चालत नाही?" संध्यानं सांगितलं, चालत नाही. "हट्टी आहे," ते म्हणाले.

विज्ञानदिनाच्या आधीच्या शनिवारी दुपारी त्यांनी तिला पीण्याला नेलं. कामगार अंघोळ करून आल्यासारखे नीटनेटके उभे होते. केसरीभाताचा डबा आला होता. गिरीधररावांकडे वीसेक वर्षं वेल्डिंग करणाऱ्या मोहनकुमारनं हार घातलेल्या मूर्तीवरचा काढावा तसा त्या सांगाड्यावरचा कपडा हळूच ओढला.

"बघ," गिरीधरराव म्हणाले. "लालसमोर पिवळाच, हिरव्यासमोर निळाच. एक जोडी चुकवली नाही. आणि लाल-पिवळ्याच्या मध्ये दोन काड्या, हिरव्या-निळ्याच्या मध्ये तीन. ते बंध असतात ना तुझे, दोन आणि तीन? मोजून घे."

संध्यानं एका जोडीतल्या काड्या मोजल्या. इतकी वर्षं ह्या माणसानं तिच्या विषयाकडे पाठ फिरवली होती, आणि आज तो तिला बंध मोजून दाखवत होता. तिनं मान वर केली. चकाकत्या पाइपचे दोन धागे एकमेकांभोवती वळत वर गेले होते. समोरचा धागा उजवीकडून निघून डावीकडे चढत होता.

पदराखाली तिच्या उजव्या हाताची मूठ आपोआप वळली. अंगठा वर. बोटांच्या दिशेनं ती नजरेनं फिरली, तर धागा खाली खाली उतरत गेला. पुन्हा फिरली. पुन्हा उतरला. शेडच्या भिंतीवर तिच्याच पुस्तकातलं चित्र मोठं करून चिकटवलेलं होतं आणि त्यात पीळ चांगला उजवा होता. चित्र समोर असूनही हातांनी आपलं नेहमीचंच केलं होतं. पाइप वाकवायचे रोलर प्रदक्षिणेला लावलेले, साचे प्रदक्षिणेचे, आणि हयातभर त्याच वळणावर बसलेली माणसं. त्यांनी तिच्यासाठी देखणा, मजबूत, वास्तूला धरून असलेला डीएनए केला होता.

"कसं झालंय?" गिरीधररावांनी विचारलं.

सगळे तिच्याकडे बघत होते. संध्या म्हणाली, "छान झालंय."

मोहनकुमारनं एकदा तिच्याकडे आणि एकदा अण्णांकडे पाहिलं. गिरीधरराव नुसतं "हं" म्हणाले आणि केसरीभात वाढायला सांगितला.

घरी आल्यावर ती स्वतःवरच चिडली. शेजारच्या मुलाचा अर्धा मार्क कापताना जिची जीभ अडखळली नाही, तिला आज काय झालं होतं? पण आठवायची ती मोजून दाखवलेली काडी न् काडी, आणि तिचा धीर व्हायचा नाही.  रविवारी चहा पिताना गिरीधरराव म्हणाले, "रंग बरे आहेत ना?"

"हो, बरे आहेत."

"काड्या?"

"बरोबर आहेत."

"वर-खाली काही असतं काय त्याला?"

"नाही हो, काही नाही," संध्या म्हणाली आणि उठून आत गेली. तिला वाटलं, त्यांना अजून थोडं कौतुक ऐकायचंय. आणखी खोटं बोलायची ताकद तिच्यात नव्हती.

सोमवारी तिनं मुख्याध्यापिका मेघाश्रींना सगळं सांगितलं. त्या व्यवहारी बाई होत्या. "मिस, कोण बघतंय? फोनवर शोधा, निम्मी चित्रं डाव्या पिळाचीच असतात. पडदा ओढायचा, फोटो काढायचा, संपलं. मिस्टरांनी एवढ्या प्रेमानं केलंय, त्यांचं मन मोडू नका." हे ऐकून संध्याला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. तिच्या डोळ्यांपुढे ती पाटी येत होती. ह्यापुढे कितीतरी वर्षं मुलं त्या दारातून आत येणार, वर बघणार, पीळ डोळ्यांत साठवणार, आणि खाली लिहिलेलं असणार संध्या जाधव. आणि खरं सांगावं तर पाटी हे निमित्त होतं. तिच्या नवऱ्यानं आयुष्यात प्रथमच तिच्या दारात पाऊल टाकलं होतं. चूक सांगितली तर तो पुन्हा कधी यायचा नाही, ह्या भीतीनं तिचं तोंड शिवलं होतं.

त्याच दिवशी नववीला तिचा आवडता तास होता. परीक्षेला नसलेली गोष्ट ती ह्या तासाला सांगत असे. पहिल्यांदा पू. पुवाचं नाव काढलं की मुलं ई करून नाकं दाबत. दीडशे वर्षांपूर्वी एका तरुण स्विस डॉक्टरनं इस्पितळातल्या पुवानं भिजलेल्या पट्ट्या गोळा केल्या, त्यातल्या पेशी धुतल्या, आणि त्यांच्या केंद्रकातून एक पांढरट पदार्थ काढला. तोच डीएनए. पुढे कितीतरी वर्षं त्याला कुणी विचारलं नाही. मग केंब्रिजमध्ये वॉटसन आणि क्रिक नावाचे दोघे त्याची रचना शोधायला बसले. त्यातला एक लंडनला रोझलिंड फ्रँकलिनचं व्याख्यान ऐकून आला होता, पण गडी वही न नेता गेलेला. पाण्याचा आकडा चुकीचा लक्षात ठेवला. दोघांनी घाईघाईनं तीन धाग्यांची प्रतिकृती उभी केली आणि लंडनच्या मंडळींना बघायला बोलावलं.

"आणि रोझलिंड आगगाडीनं आली," संध्या म्हणाली. "तिनं प्रतिकृती बघितली. आणि तिनं..."

इथं ती दर वर्षी टेबलावर हात आपटायची. आज हात उचललाच नाही.

"तिनं काय, मिस?" पहिल्या बाकावरच्या रक्षितानं विचारलं. हिचाच अर्धा मार्क सहामाहीत गेला होता.

"तिनं सांगितलं की चुकलंय. जे बाहेर हवं ते तुम्ही आत घातलंय, आणि पाण्याला जागाच ठेवली नाही."

"तोंडावर?"

"तोंडावर."

"पण मिस, ती पाहुणी होती ना? त्यांना राग नसेल आला?"

"आला असेल की."

"मग तिला भीती नाही वाटली?"

ह्या प्रश्नाला संध्याकडे एक ठरलेलं उत्तर होतं, खऱ्याला भीती कसली वगैरे. आज ते तिच्या ओठांवर येईना. तिच्या मनात आलं, त्या बाईला काय जातंय सांगायला? तिला संध्याकाळच्या गाडीनं परत जायचं होतं. त्या दोघांच्या घरी पोळ्या लाटायच्या नव्हत्या. आणि लगेच तिला ह्या विचाराची लाज वाटली. कारण पुढची गोष्ट तिला ठाऊक होती. चूक चूक म्हणून सांगितली गेली, ती प्रतिकृती मोडीत निघाली, म्हणूनच पुढे कधीतरी खरी उभी राहू शकली.

"रक्षिता," ती म्हणाली, "मला ठाऊक नाही. विचारून सांगते." वर्गाला ती थट्टा वाटली आणि सगळे हसले.

तास संपल्यावर संध्यानं पुढचा तास घेण्याची दुसऱ्या मिसना विनवणी केली, रिक्षा पकडली आणि थेट पीण्याला गेली. वाटेत वाक्यं जुळवत होती. आधी रंगांचं बोलायचं, मग बंधांचं, मग हळूच पिळाचं. शेडच्या दारात पोचली आणि जुळवलेलं सगळं विसरली.

डीएनए छताच्या चेनपुलीला उलटा टांगलेला होता. डोकं खाली, पाया वर. गिरीधरराव त्याच्याखाली स्टुलावर बसले होते, मांडीवर तिचं पुस्तक उघडं, शर्टाला घामाचे डाग. मोहनकुमार साखळी धरून उभा होता. संध्याला बघून तो सुटल्यासारखा म्हणाला, "बरं झालं आलात अक्का. अण्णांनी शनिवारपासून दुसरं काम हाती घेतलं नाही. रंग तपासले, काड्या तपासल्या, आता उलटं करून बघतायत."

"का हो?" संध्यानं विचारलं. "काय शोधताय?"

गिरीधररावांनी चष्मा काढला. "चूक शोधतोय. सांग आता, कुठं आहे ती."

"तुम्हाला कुणी सांगितलं चूक आहे म्हणून?"

"तूच. शनिवारी छान म्हणालीस की." त्यांचा आवाज चढला नाही, पण पुस्तक त्यांनी जरा जोरातच मिटलं. "इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या कामाला तू छान म्हणालीस काय गं? परक्याला छान म्हणतात. लग्नात जेवून उठताना म्हणतात. मी रविवारी विचारलं, रंग विचारले, काड्या विचारल्या. वाटलं, आता बोलशील, मग बोलशील. तू आपली हो हो करून आत गेलीस. मला वाटलं, आता ह्या बाईला माझ्या कामाला नावं ठेवायचीसुद्धा गरज वाटत नाही."

संध्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ती भ्यायली होती ती त्यांचं मन मोडेल म्हणून, आणि मन तर तिनं शनिवारीच मोडून ठेवलं होतं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्ही पहिल्यांदाच माझ्या विषयात आलात. वाटलं, खोट काढली तर परत यायचे नाहीत."

"वेडी आहेस. खोट काढणार नसलीस तर येऊ कशाला?"

मोहनकुमार साखळीकडे बघत राहिला. संध्यानं डोळे पुसले, गिरीधररावांचा उजवा हात धरला, बोटं मिटवली आणि अंगठा वर केला. "आता बोटांच्या दिशेनं धाग्यावरून फिरत जा."

त्यांनी डाव्या हाताचं बोट हवेत फिरवलं. एकदा, दोनदा. मग भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं आणि तिथंही फिरवलं. "खाली चाललाय," ते म्हणाले. "चित्रातला वर जातोय, माझा खाली. म्हणजे चित्रातला साध्या बोल्टचा पीळ! आणि मी डावे आटे पाडून बसलोय." त्यांनी मग उलट्या लटकलेल्या सांगाड्याकडे मान वर करून पाहिलं आणि सुस्कारा सोडला. "आणि हा उलटा टांगून तरी काय उपयोग. सुंभ जळला तरी पीळ जात नाही."

"पण अण्णा," मोहनकुमार चिंतेनं म्हणाला, "तो पीळ म्हणजे उलटी प्रदक्षिणा झाली."

"झाली तर," संध्या म्हणाली.

"सगळ्यांच्या आत अशी उलटी प्रदक्षिणा चालू असते काय, अक्का?"

"सगळ्यांच्या. तुमच्या त्या वास्तुवाल्यांच्यासुद्धा."

गिरीधररावांना हसू फुटलं, पण लगेच मावळलं. विज्ञानदिन तोंडावर आला होता. नवे पाइप आणायचे, रोलर उलटे लावायचे, साचे नव्यानं करायचे, हे चार-दोन दिवसांचं काम नव्हतं. संध्या म्हणाली, "सध्या हाच नेऊ या. मी भाषणात सांगेन की पीळ उलटा आहे."

"स्वल्प थांब. पोरांचे तू मार्क कापतेस ना?"

"कापते."

"मग माझे का सोडतेस? हा बाहेर जाणार नाही." आणि ते मोहनकुमारला म्हणाले, "ग्राइंडर आण."

ठिणग्या उडायला लागल्या तशी दोघं बाहेर चिंचेच्या सावलीत येऊन उभी राहिली. गिरीधरराव पुस्तकाची पानं उलटत होते. मग म्हणाले, "पुस्तकात त्या बाईचा फोटो आहे बघ. लंडनची. तिचं पुढं काय झालं?"

हा प्रश्न ऐकायला संध्या लग्न झाल्यापासून थांबली होती. तिनं पहिल्या चुकलेल्या प्रतिकृतीपासून सगळं सांगितलं. रोझलिंडच्या प्रयोगशाळेत निघालेला क्ष-किरणांचा फोटो तिला न विचारता त्या दोघांतल्या एकाला कसा दाखवला गेला, त्यावरून त्यांना पुढची वाट कशी सापडली, आणि फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी दोन धाग्यांचा उजवा पीळ कसा जुळला. त्या शोधाचं पारितोषिक तिघा पुरुषांना मिळालं, तेव्हा ती जाऊन चार वर्षं झाली होती. सदतिसाव्या वर्षी गेली.

"आणि ती पहिली चुकीची प्रतिकृती? तिनं नावं ठेवल्यावर?"

"त्यांच्या साहेबानं ते कामच बंद करायला लावलं."

"हं," गिरीधरराव म्हणाले. "आणि तिच्या कामातली खोट कोण काढायचं?"

 ह्या बाजूनं संध्यानं कधी विचारच केला नव्हता.

विज्ञानदिनाला शाळेच्या दारात नुसता सिमेंटचा चौथरा होता. मेघाश्री मिस जरा फुरंगटल्या. संध्याला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि रक्षितानं मागून "अंगठा मिस की जय" असा घोष केला. मार्चअखेर ती निवृत्त झाली. शेडमध्ये मोहनकुमारनं रोलर उलटे फिरवण्याआधी कापूर लावला म्हणे, उगाच कशाला विषाची परीक्षा. पाइप वाया गेले, एकदा साचा बिनसला, आणि माणसांचे हात पुन्हा पुन्हा जुन्या वळणावर जात राहिले.

मे महिन्यात एका सकाळी गिरीधररावांनी तिला स्कूटरवर बसवलं आणि शाळेत नेलं. सुटी होती. रखवालदारानं फाटक उघडलं. पटांगणात चिटपाखरू नव्हतं, ना पडदा होता ना पाहुणे. चौथऱ्यावर तो उभा होता आणि समोरचा धागा डावीकडून निघून उजवीकडे चढत होता.

संध्यानं पदराबाहेर हात काढला, उघडपणे मूठ वळली आणि अंगठा वर धरून पायथ्यापासून टोकापर्यंत नजर फिरवली. मग मागच्या बाजूनं जाऊन बघितलं. गिरीधरराव हेल्मेट छातीशी धरून उभे होते.

"कसं झालंय?" त्यांनी विचारलं.

तिला रडू येत होतं. तिनं ते गिळलं.

"पिळाच्या मधल्या खाचा," ती म्हणाली, "सगळ्या सारख्या झाल्यात. एक रुंद हवी, एक अरुंद."

गिरीधररावांनी हेल्मेट चौथऱ्यावर ठेवलं. "तुला काय नावं ठेवायला आणलं काय गं?" ते म्हणाले, आणि आनंदानं खिशातली टेप काढून खाच मोजायला वाकले.